हीट पंप घरघरतो आणि पाणी कोमटच येतं: गॅस भरायला सांगण्याआधी काय तपासाल?

दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगतच्या होमस्टेंत आणि नव्या बंगल्यांत आता गीझरच्या जागी हीट पंप दिसू लागला आहे. मागीलदारी बंब अजून बऱ्याच घरांत आहे, पण सकाळी आठच्या आत दहा-बारा पाहुण्यांच्या आंघोळी उरकायच्या तर तो पुरा पडत नाही. हीट पंप सुरुवातीला गुपचूप काम करतो. पुढे कधीतरी त्याचा आवाज वाढतो, आणि साधारण त्याच सुमारास न्हाणीत पाणी कोमट यायला लागतं. फोन केला की पलीकडून उत्तर ठरलेलं: "गॅस गेला असेल, भरून टाकू."

गॅस जातोही. पण किनाऱ्यावर त्याच्या आधी कॉइल मिठाने बुजते, गाळणीत तांबडी माती बसते, नाहीतर संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी हवा, मग पाणी, मग वीज आणि गॅस सर्वांत शेवटी. पहिल्या तिन्ही गोष्टींची बरीचशी तपासणी घरातल्या माणसाला जमते. ती न करता गॅस भरला आणि मूळ दुखणं पाण्याच्या बाजूचं निघालं, तर आतला दाब आणखी वाढतो आणि कॉम्प्रेसरच जातो. तो गेला की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीकडे झुकायला लागतो.

आवाज वाढणं आणि पाणी न तापणं या दोन तक्रारी एकत्र का येतात, ते आधी बघू. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात नेऊन टाकतो. पंख्यामागच्या कॉइलमध्ये गॅस थंडगार असतो, तो बाहेरच्या हवेतून ऊब घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि तो गरम गॅस आपली उष्णता पाण्याला देतो. आपल्याकडच्या हवेत एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळते ती त्यामुळेच. म्हणजे यंत्राला दोन तोंडं आहेत, एक हवेकडे आणि एक पाण्याकडे. यांतलं कुठलंही तुंबलं की कॉम्प्रेसर कष्टत राहतो, ओरडतो, आणि पाण्यापर्यंत मात्र कमी पोचतं.

यंत्र कुठल्या प्रकारचं आहे?

काहींत टाकीच्या डोक्यावरच यंत्र असतं, गॅसची नळी टाकीला बाहेरून गुंडाळलेली असते आणि पाणी फिरवणारा पंप नसतोच. काहींत यंत्र बाहेर आणि टाकी आत, मध्ये एसीसारख्या तांब्याच्या दोन नळ्या. तिसऱ्या प्रकारात यंत्र आणि टाकी वेगळी, आणि दोहोंमध्ये पाणी खेळवायला एक छोटा सर्क्युलेशन पंप. होमस्टेत मोठी टाकी असेल तर बहुधा हा तिसरा प्रकार असतो. पुढे पाण्याबद्दल जे सांगितलं आहे ते मुख्यतः याच प्रकाराला लागू आहे.

नेमप्लेटचा फोटो आजच काढून ठेवा. खाऱ्या हवेत आणि उन्हात ती पुसट होते, आणि नेमकी गरज पडते तेव्हा गॅस कुठला, किती ग्रॅम आणि रेटेड करंट किती अँपिअर, हे तिच्यावरूनच कळतं.

झाकण उघडण्याआधी एमसीबी खाली पाडा. डिस्प्लेवरचं बटण दाबलं म्हणजे वीज तुटली असं नाही. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि इन्व्हर्टर यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, बोर्डावर एमसीबी पाडल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो. म्हणून बोर्ड बघायचा, त्याला हात लावायचा नाही. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून हे उद्योग करू नका. आणि यंत्राच्या मागे हात घालण्याआधी टॉर्च मारा. कॉइलखाली कायम ओल आणि गारवा असतो, आणि आपल्याकडे असा कोपरा साप-विंचवांना फार आवडतो.

खरंच तापत नाही, की न्हाणीपर्यंत पोचत नाही?

टाकीतलं पाणी ५५ अंशांवर आहे आणि नळाला मात्र कोमट येतंय, असं पुष्कळदा निघतं. मग हीट पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणी सोपी आहे. टाकीत थंड पाणी येतं त्या पाइपवरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि न्हाणीतला गरम पाण्याचा नळ सोडा. पाइपात उरलेलं थोडं पाणी येऊन धार बंद व्हायला हवी. ती चालूच राहिली तर कुठल्यातरी मिक्सरमधून थंड पाणी गरमच्या लाइनीत शिरतंय. शॉवरचा मिक्सर उघडा ठेवून फक्त हँडशॉवरची कळ दाबून पाणी थांबवायची सवय याला कारणीभूत असते, नाहीतर मिक्सरच्या आतला भाग झिजलेला असतो. मिक्सर दुरुस्त करा किंवा लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, घाला. विषय संपला.

टाकीच तापत नसेल तर हिशोब मांडा. लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०: एवढे युनिट उष्णता लागते. २०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायचं तर २८ अंश वाढवायचे, म्हणजे साधारण साडेसहा युनिट. नेमप्लेटवर हीटिंग कपॅसिटी ३.५ किलोवॅट लिहिली असेल तर दोन-सव्वादोन तासांत टाकी तयार व्हायला हवी आणि वीज जेमतेम दोन युनिट जायला हवी. रात्री सगळे नळ बंद झाल्यावर तापमान लिहून ठेवा, दोन तासांनी पुन्हा बघा. एखादा अर्धा तास जास्त लागला तर हरकत नाही, शेवटचे पाच-सात अंश चढताना यंत्राला वेळ लागतोच आणि आवाजही थोडा वाढतो. चार-पाच तास लागत असतील तर दुखणं आहे.

एक फसवणूक इथे होते. बऱ्याच टाक्यांत मदतीला दीड-दोन किलोवॅटचा हीटर रॉड असतो. हीट पंप बंद पडला तरी रॉड गपचूप पाणी तापवत राहतो आणि बिल येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. तपासताना मेनूमधून तो बंद करा.

आवाज ऐका, पण पॅनेलवर हात ठेवून

खडखड किंवा थरथर येत असेल तर चालू यंत्राचे बाजूचे पत्रे एकेक करून तळहाताने दाबा. ज्या पत्र्यावर हात ठेवला की आवाज थांबतो, तिथला स्क्रू गंजून ढिला झाला आहे. असे स्क्रू स्टेनलेसचे घाला, समुद्र अगदी समोर असेल तर ३१६ ग्रेडचे. सगळीकडे दाबूनही आवाज जात नसेल तर स्टँडकडे बघा. चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेला फास्टनर कंपनाने हळूहळू भोक मोठं करतो. चिरा मऊ आणि सच्छिद्र, तो काँक्रीटसारखा धरून ठेवत नाही. मग अख्खी भिंत घुमायला लागते आणि पलीकडच्या खोलीतल्या पाहुण्याला झोप लागत नाही. अशा घरात यंत्र भिंतीवरून उतरवून जमिनीवर काँक्रीटच्या ओट्यावर, जाड रबर पॅडवर ठेवणं हाच खरा उपाय. तिथेही रबर कडक होऊन भेगाळलेलं नाही ना, हे बघावं लागतं.

किरकिर किंवा बारीक शिट्टी पंख्याच्या बेअरिंगची असते. एमसीबी बंद करून पातं बोटाने फिरवा. ते अडकत-अडकत फिरलं किंवा वर-खाली हललं तर मोटर संपत आली. पातं घासल्याचा खरखर आवाज असेल तर जाळीत झावळीची हिरं, वाळलेली पानं किंवा गांधीलमाशीचं घर अडकलेलं सापडेल.

घूं... असा जड हुंकार, मग टक्, आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच, असं चालू असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायची धडपड करतोय आणि त्याला जमत नाहीये. यंत्र लगेच बंद करा. अशा प्रत्येक प्रयत्नात त्याच्या वाइंडिंगमधून प्रचंड करंट जातो. कारण बहुधा कपॅसिटरचं किंवा व्होल्टेजचं असतं, ते पुढे विजेच्या भागात येईल.

खळखळ, बुडबुड म्हणजे पाण्याच्या लाइनीत हवा शिरली. नळ बंद करताना ठक्क असा एकच दणका बसला तर तो पाइपातला आहे, यंत्राशी त्याचा संबंध नाही. चालू होताना आणि बंद होताना काही सेकंद फुस्स असा आवाज मात्र निरोगी यंत्रातूनही येतो. आतला दाब समान होतो तेव्हाचा तो. त्याला घाबरू नका.

सर्वांत महत्त्वाचा आवाज म्हणजे हळूहळू चढत जाणारी घरघर. सुरुवातीला यंत्र शांत असतं, अर्ध्या तासाने जड आवाज यायला लागतो, मग ते एरर दाखवून बंद पडतं. याचा अर्थ उष्णतेला पाण्यात उतरायला जागा मिळत नाहीये. ही तक्रार पाण्याच्या बाजूची.

हवा: कॉइलवरचं मीठ

किनाऱ्यावरच्या हीट पंपाचं आयुष्य कॉइल ठरवते. बॅटरी मारून पंख्याच्या उलट बाजूने कॉइलकडे नीट बघा. तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, घट्ट बसवलेल्या असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि त्यात खारट ओल, अशा जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. आधी पांढरी पूड दिसते. पुढे बोट लावलं की पट्टीच्या कडा चुरून हातात येतात. त्याहून पुढची पायरी डोळ्यांना दिसत नाही: फिन आणि नळी यांमधली पकड सुटते. कॉइल स्वच्छ दिसते, पंखा जोरात फिरतो, पण हवेतली ऊब नळीपर्यंत पोचत नाही.

पाऊस कॉइलवरचं मीठ धुऊन नेतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, धुवायला कमी नाही. पण पावसापासून वाचवायचं म्हणून आपण यंत्रावर पत्र्याची शेड घालतो किंवा ते पडवीच्या कोपऱ्यात ढकलतो. तिथे खारा वारा पोचतो, पाऊस पोचत नाही. उघड्यावरच्या यंत्रापेक्षा शेडखालचं यंत्र आधी सडलेलं दिसतं ते यामुळे. शेड हवी असेल तर वरून, चारी बाजू मोकळ्या ठेवून, आणि मग धुण्याचं काम आपल्याकडे घ्यायचं.

धुवायचं असं. एमसीबी बंद. आधी मऊ ब्रशने, फिन्स उभ्या असतील तर वरून खाली, सुकी घाण झाडा. आडवा ब्रश मारला की पट्ट्या मुडपतात. मग बागेच्या नळीने, हलक्या धारेने गोडं पाणी सोडा, जमलं तर आतून बाहेर, म्हणजे घाण ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने परत येईल. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन लावू नका. तेलकट धूर बसला असेल, स्वयंपाकघराच्या मागे हे हमखास असतं, तर भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब बादलीभर पाण्यात घालून तेवढंच वापरा. ॲसिड, सोडा, ब्लीच अजिबात नाही. विद्युत भागाच्या बाजूला प्लास्टिक बांधा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुऊन उपयोग नाही, मीठ काढायला जाऊन मीठच चढवाल. पावसाचं किंवा नळयोजनेचं घ्या. समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर दिवाळी ते मे दर महिन्याला, आतल्या गावात दोन-तीन महिन्यांनी.

वाळल्यावर यंत्र चालू करून दहा-पंधरा मिनिटांनी दोन जागी थर्मामीटर धरा: हवा आत शिरते तिथे आणि पंख्यासमोर. आत जाणारी २८ अंश आणि बाहेर पडणारी २१-२२ असेल तर हवेची बाजू काम करतेय. एक-दोन अंशांचाच फरक असेल तर कॉइल थंडच होत नाहीये, म्हणजे बिघाड पुढे कुठेतरी आहे.

थर्मामीटर नसेल तर खालच्या नळीतून गळणारं पाणी बघा. आपल्या दमट हवेत चालू हीट पंपाच्या कॉइलवरून पाणी टपकायलाच हवं. "मशीन गळतंय" म्हणून तक्रार येते, पण ते गळणं तब्येत चांगली असल्याची खूण आहे. मळभ आलेल्या जुलैच्या दिवशी यंत्र तासभर चालून खालची लादी कोरडी असेल, तेव्हा काळजी करा. पाणी तुंबून यंत्राच्या पोटात साठत असेल तर निचऱ्याच्या नळीत कुंभारीण माशीने माती भरलेली असण्याची शक्यता मोठी. बारीक तार घालून मोकळी करा.

कॉइलवर बर्फ धरला तर? दापोलीच्या बाजूला थंडीत पहाटे पारा खूप उतरतो, तिथे पातळ थर येऊन जातो. मालवण-वेंगुर्ल्यात बर्फाचं काही काम नाही. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ असेल तर हवा कमी पडतेय, पंखा आणि घाण बघा. एका कोपऱ्यातच, जिथे बारीक नळ्या आत शिरतात तिथे बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, असं दिसलं तर गॅसवर संशय घ्यायला जागा आहे.

आणखी एक गोष्ट, जी यंत्र बसवतानाच चुकते. दिसायला बरं म्हणून चिऱ्याची खोली करून तिला जाळीचं दार लावतात. पंख्याने फेकलेली थंड हवा तिथेच घोटाळते आणि पुन्हा कॉइलमध्ये शिरते. अंगणातलं तापमान आणि यंत्रात शिरणाऱ्या हवेचं तापमान ताडून बघा. तीन अंशांहून जास्त फरक असेल तर दार काढा. पंख्यासमोर निदान एक मीटर, मागे निदान एक वीत-दीड वीत जागा मोकळी हवी. कंपनीच्या पुस्तकात याहून जास्त सांगितली असेल तर तेवढी.

पाणी: तांबडी माती आणि अडकलेला पंप

सर्क्युलेशन पंप असलेल्या यंत्रात टाकीकडून यंत्रात जाणारा आणि यंत्रातून परत येणारा असे दोन पाइप असतात. चालू असताना दोन्हीचं तापमान बघा. पाच अंशांच्या आसपास फरक ठीक. बारा-पंधरा असेल तर पाणी फार सावकाश फिरतंय. ३.५ किलोवॅटच्या यंत्राला पाच अंशांच्या फरकासाठी मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी फिरावं लागतं. ते तीन-चार लिटरवर आलं की गॅसची उष्णता आतच कोंडते, दाब चढतो, घरघर वाढते आणि हाय प्रेशरचा स्विच यंत्र बंद पाडतो. गॅस कमी असल्याच्या अगदी उलट ही अवस्था आहे, तरी नळाला पाणी कोमटच येतं. म्हणून तर गॅसची गडबड करायची नाही.

सुरुवात गाळणीपासून करा. यंत्रात पाणी शिरायच्या आधी पितळेचा, एक फांदी तिरकी खाली आलेला भाग असतो, त्यात जाळी असते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, खाली बादली ठेवा, आतलं पाणी गरम असतं याचं भान ठेवा आणि बूच पाना लावून फिरवा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, क्षाराचा त्रास कमी. पण लोह आणि बारीक तांबडी माती भरपूर. मे महिन्यात विहीर तळाला गेली की मोटर ती माती ओढून वरच्या टाकीत आणते, आणि तिथून ती या जाळीत येऊन बसते. जाळी जुन्या टूथब्रशने धुवा, वॉशर जागेवर आहे ना बघा, घट्ट करा. वरची टाकी घासली नसेल तर आठवड्यात पुन्हा हेच करावं लागेल, तेव्हा तेही उरकून घ्या.

जाळी स्वच्छ, तरी पाणी फिरत नाही? पंपाला हात लावा. गरम आणि बारीक गुणगुणतोय पण पाइपात हालचाल नाही, तर त्याचा गाभा अडकला आहे. घर बरेच दिवस बंद असलं की असं होतं. काही पंपांना मधोमध मोठा स्क्रू असतो; वीज बंद करून तो काढला की आत दांड्याची खाच दिसते, ती स्क्रूड्रायव्हरने फिरवून सोडवता येते. पंप नुसता खळखळत असेल तर हवा अडकली आहे. लाइनीतल्या सर्वांत उंच जागी हवा काढायचा व्हॉल्व्ह असतो, तो सोडा आणि फसफस संपून सलग धार येईपर्यंत थांबा. वरची टाकी रिकामी पडली की हवा शिरणारच. आपल्याकडे टाकी छपरावर नाहीतर दोन-तीन मीटरच्या चौथऱ्यावर असते, आणि दहा मीटर उंचीला एक बार एवढाच दाब मिळतो. म्हणजे लाइनीत दाब मुळातच तुटपुंजा. एल्बो, अर्धा इंची पाइप, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, प्रत्येक गोष्ट इथे नडते.

खाडीलगत किंवा बोअरवेलच्या कठीण पाण्यावर यंत्र चालत असेल तर आत उष्णता बदलणाऱ्या भागात क्षाराचा थर बसतो. तेव्हा पाणी उकळल्यासारखा कडकड आवाज येतो. तंत्रज्ञ सायट्रिक ॲसिडचं पाणी छोट्या पंपाने आतून फिरवून तो काढतात. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कुणी सुचवलं तर ऐकू नका, स्टेनलेस स्टीलला त्याने भोकं पडतात.

टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड हा न तापण्याशी थेट संबंधित नाही, पण एवढं बघताच आहात तर तोही बघून घ्या. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. मचूळ पाण्यात तो भराभर संपतो. नुसती तार उरली असेल तर लगेच नवा घाला.

वीज

संध्याकाळी सात ते दहा गावातल्या सगळ्या मोटरी, फ्रीज, एसी चालू असताना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. २०० च्या खाली असेल तर साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर उठायला कुरकुर करतो. मग यंत्र सुरू होत असताना पुन्हा मोजा. मीटरपाशी व्होल्टेज तेवढंच आणि यंत्रापाशी वीसेक व्होल्टने कोसळतंय, तर दोष बाहेरच्या लाइनीचा नाही, तुमच्या वायरिंगचा आहे. मागीलदारापर्यंत लांबवर नेलेली पातळ वायर किंवा गंजलेला जोड. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट बोर्डापासून ओढा. टर्मिनलवर हिरवट-काळा थर असेल तर वायरचं टोक कापून नवं टोक काढा, नुसतं आवळून चालत नाही.

कपॅसिटर फुगलेला, तेल पाझरलेला दिसला तर बदलायचाच. चांगला दिसला तरी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून खाली आला असेल तर तो बाद. कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज जोडणारा आतला स्विच, बारीक गुणगुणत असेल तर त्यात मुंग्या किंवा चिकटलेली पाल सापडते. बोर्डाच्या पेटीचं रबर फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर पुन्हा तेच.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. जांभ्याच्या सड्यावर एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक पडते आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि लाइनीवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं उपकरण) असेल तर चालू यंत्राचा करंट नेमप्लेटशी ताडून बघा. करंट जास्त, आवाज जड, पाण्याच्या दोन पाइपांत मोठा फरक: पाण्याची बाजू तुंबलेली. करंट बराच कमी, आवाज फुसका, पंख्याची हवा साधीच, खाली पाणी टपकत नाही, आणि कॉइल तर तुम्ही नुकतीच धुतलेली: आता गॅसचं बोला.

रात्रीच्या आवाजाचा त्रास होत असेल तर यंत्र दुरुस्त झाल्यावर टायमर दुपारी बारा ते चारवर लावा. तेव्हा हवा सर्वांत उबदार, म्हणून काम लवकर होतं आणि व्होल्टेजही बरं असतं. चांगल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत गरम राहतं.

गॅस

इथून पुढे हात तंत्रज्ञाचे, डोळे तुमचे. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. नळीच्या जोडांवर, व्हॉल्व्हच्या टोप्यांवर, कॉइलच्या वळणांवर तेलकट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ बघा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हेही तुम्हाला बघता येईल.

येणाऱ्या माणसाला विचारा: गळती कुठे सापडली? "थोडा टॉपअप करू, बघू किती दिवस टिकतं" असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. काम असं व्हायला हवं: उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळती बुजवायची, कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन काही वेळ काटा हलत नाही याची खात्री करायची, पंपाने व्हॅक्यूम करायचा, आणि नेमप्लेटवर लिहिलेत तितकेच ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. दाब देण्यासाठी कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम तिथेच थांबवा; तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. यंत्रातला आर-३२ हा गॅस मंद जळणारा आहे आणि आर-२९० हा गॅस म्हणजे चक्क प्रोपेन, त्यामुळे या यंत्रांजवळ काम चालू असताना बंब, चूल, विडी काहीही पेटलेलं नको.

गळती कॉइलच्या मधोमध असेल आणि फिन्स चुरायला लागल्या असतील तर डाग देत बसू नका. एक भोक बुजवलं की पुढच्या हंगामात दुसरं पडेल. फिन्सवर गंजरोधक थर असलेली नवी कॉइल मिळत असेल तर ती घाला. कॉम्प्रेसरही थकला असेल तर नव्या यंत्राचा भाव काढा.

पावसाळ्यात घर बंद ठेवणार असाल तर

जूनमध्ये कुलूप लावून मुंबईला जायचं आणि गणपतीला उघडायचं, अशी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. जाताना कॉइल गोड्या पाण्याने धुवा, एमसीबी खाली पाडा आणि टाकीतलं पाणी सोडून द्या. एमसीबी पाडणं वादळी वाऱ्यासाठी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी तुटलेला न्यूट्रल नीट न जोडता लाइन चालू झाली तर सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात, आणि बोर्ड एका क्षणात जळतो. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडून गंज वाढतो. वरून झाकण पुरे.

परत आल्यावर आधी टॉर्च, मग झाडलोट. पंख्याचं पातं हाताने फिरवून बघा. टाकी भरा, गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येईपर्यंत हवा काढा आणि त्यानंतरच एमसीबी वर करा. रिकाम्या टाकीत हीटर रॉड चालू झाला तर तो गेलाच. पहिल्या दिवशी तापमान ६० वर लावून एकदा पूर्ण तापवा, म्हणजे साचलेल्या पाण्यातले जंतू मरतील. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती टाकी सोडून पुन्हा भरा. शेवटी टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी क्षणभर उचलून सोडा, पाणी उसळून पुन्हा थांबलं पाहिजे. थेंबत राहिला तर व्हॉल्व्ह बदला, आणि गळणं थांबवायला त्याच्या तोंडाला बूच कधीही मारू नका.